आठ वाजताच्या सुलक्षणाबाई

१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा.

आजपासून वर्षावास. अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज रात्री आठ ते नऊ ग्रंथवाचन. यंदाही वाचक मीच. समितीने दुसरं नाव सुचवलं नाही. समितीचा अध्यक्षही मीच आहे.

माझा आवाज खर्जातला. माइक नसला तरी भीमपूरच्या बसस्टँडपर्यंत जातो असं लोक म्हणतात. (लोक म्हणजे बायको, तारा. मी विचारलं तेव्हा म्हणाली.)

तीन महिन्यांचे संकल्प : पहाटे फिरणं. चहा दोनदाच. घरात आवाज चढवायचा नाही. टीव्ही बंद.

टीव्हीचं मला तसं काही नाही. मी बातम्यांपुरता. आठ वाजता घरात ‘घर सुलक्षणाचं’ चालू असतं, ते बायको आणि मुलगी पाहतात. मी त्याच खोलीत बसलेलो असतो, एवढंच. मोठी खोली एकच आहे, त्याला मी काय करणार? आता आठला वाचन, म्हणजे तोही प्रश्न सुटला.

११ जुलै

पहाटे पाऊस. फिरणं उद्यापासून.

वाचन उत्तम. घरी आल्यावर मैत्रीला सहज विचारलं, सुलक्षणाबाईंनी इराच्या खोलीची कडी काढली का? म्हणाली, “पप्पा, आज आमी पाह्यलंच नाई.” मग तिच्या मोबाइलवर एपिसोड लावून घेतला. तिचा राहायला नको.

कडी काढलेली नाही.

१४ जुलै, सोमवार

हा विषय एकदाचा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

सुलक्षणाबाई हे पात्र चुकीचं लिहिलं आहे. बाई गरीब मुलींसाठी शाळा चालवते. सभेत बोलते, टाळ्या घेते. घरी येऊन पोटच्या मुलीच्या खोलीला बाहेरून कडी लावते. मग त्याच दाराशी बसून रडते. मग इराच्या आवडीचे लाडू करते. लाडू तयार झाले की कुत्र्याला घालते. असा माणूस असतो का? तहसील कार्यालयात माझी उभी हयात गेली. जमिनीच्या पहाणीतल्या नावासाठी, वारसासाठी, दाखल्यासाठी हजारो माणसं टेबलासमोर उभी राहून गेली. बोलायचं एक आणि करायचं दुसरंच, असा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. आमच्या खात्यात तर नाहीच.

पण अभिनय आहे. पदर खांद्यावर ओढून “मी शब्द दिलाय” म्हणते तेव्हा अंगावर काटा येतो. कुणाच्याही येईल.

विषय संपला.

१६ जुलै

वाचनाची वेळ बदलली. आठऐवजी सात. कारण वृद्धांची झोप. वृद्धांपैकी कुणी तक्रार केली नव्हती, पण नेतृत्वाने अडचण आधी ओळखायची असते.

संघपाल नावाचा नवा मास्तर आहे वस्तीत. फार प्रश्न विचारतो. “काका, वेळ काऊन बदलवली?” माझ्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे. चेहऱ्यावर दिसत नाही, पण असणार.

आठला घरी होतो. योगायोग.

२२ जुलै, मंगळवार

ऑफिसात मोठा शोध. आम्ही तेलंगणात राहून घरी मराठी; आमची ज्युनिअर असिस्टंट स्रवंती निर्मलकडची, घरी तेलुगू. जेवताना तिच्याकडून कळलं की आमची मालिका मूळची त्यांची. त्यांच्यात तिचं नाव ‘सुलक्षणम्मा’, रोज साडेसातला. मराठीवाले मागाहून तीच गोष्ट करतात. त्यामुळे तेलुगू कितीतरी पुढे. मी म्हटलं, आमची बाई सध्या कडी लावून बसली आहे. तर हसून म्हणाली, “हमारे में तो अम्मा कबकी सुधर गई, सार्.”

मी तिला कडक शब्दांत सांगितलं की पुढचं काही सांगायचं नाही. मग दोन चहा मागवले आणि विचारलं, कशी सुधरली?

(चहा आज पाचदा. ऑफिसचा धरायचा नाही असं ठरवतो.)

२३ जुलै

साडेसातला तेलुगू लावलं. भाषा सुधारण्यासाठी. ऑफिसात उपयोग होतो.

त्यासाठी वाचन सातला सुरू करून सात वीसला संपवलं. आज गती चांगली लागली. सुनयनाआजी सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात तिखट. सगळ्यांसमोर म्हणाल्या, “काऊन रे बाबाराव, बस सुटून राह्यली काय तुई?” लोक हसले. श्रद्धा कमी होत चालली आहे.

२४ जुलै

डोक्याचा भुगा. साडेसातला जी बाई लेकीच्या बाळाला मांडीवर घेऊन मला रडवते, तीच आठला लेकीच्या चपला विहिरीत टाकते. बाई एक, चेहरा वेगळा, भाषा वेगळी. मी कुणावर प्रेम करायचं आणि कुणाला शिव्या द्यायच्या? साडेआठला डोकं धरून बसलो. तारा म्हणाली, “तुमचं बीपी तपासा.” मैत्री म्हणाली, मराठीतल्या बाईलाही सुधरायला वेळ द्या पप्पा, तिला अजून माहीत नाही की ती चांगली आहे.

पोरगी हुशार आहे. बी.एस्सी. बी.एड. झाली, परीक्षा देऊन निकालाची वाट पाहते. मालिका पाहताना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसते आणि सुलक्षणाबाईंचा संवाद त्यांच्या आधी म्हणून दाखवते. शब्दाला शब्द. मला वाटतं माझ्यापेक्षा तीच जास्त वेडी आहे.

उद्यापासून दोन्ही बंद.

२५ जुलै

मराठी बंद करणार होतो. पण मैत्री एकटी बसून पाहील. मुलींनी असलं काही एकट्याने पाहू नये.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत ध्वजवंदन. माझं भाषण. विषय मीच निवडला : मुलींचं शिक्षण. “मुलींना पंख द्या, आभाळ त्या शोधून घेतील!” या वाक्याला टाळ्या थांबेनात. हेडमास्तरांनी चष्मा पुसला. मैत्री पहिल्या रांगेत होती. तारा तिच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. अभिमानाने असणार.

आठला पाहतो तर सुलक्षणाबाईंचंही भाषण! साधारण तसंच. माझं जास्त चांगलं झालं. त्यांना लिहून मिळतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज घरात दिवाळी. मैत्रीची निवड झाली. उटनूरच्या पुढे मुलींची आश्रमशाळा आहे, तिथे विज्ञान शिक्षिका. आमच्या वस्तीतून एवढ्या आत जंगलात नोकरीला निघालेली पहिली मुलगी. माझा आजा सालदार होता, बापाने आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला, मी खुर्चीवर बसलो, आणि आता पोरगी शिकवणार. विहारात पेढे वाटले. 

२९ तारखेपर्यंत हजर व्हायचं आहे. नाही झाली तर जागा पुढच्याला जाते. मैत्री म्हणाली, उद्याच जाते. मी म्हटलं, एकटी? अजिबात नाही. बाप स्वतः घेऊन जाईल. येत्या रविवारी. मी शब्द दिलाय.

खांद्यावर पंचा होता, तो बोलताना मी जरा ओढून घेतला. मैत्रीने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं.

७ सप्टेंबर, रविवार

आभाळ भरलेलं. पडला तर? उटनूरचा रस्ता जंगलातला. शिवाय वाघ. पेपरात फोटो आला होता. मैत्रीने दाखवून दिलं की तो वाघ महाराष्ट्रात गेल्याची बातमीही त्याच पेपरात खाली आहे. वाघाला हद्द कळते का? पुढच्या रविवारी नक्की.

पाऊस पडला नाही. यात माझा काय दोष?

९ सप्टेंबर

विहारात माझ्याविरुद्ध कट. सुनयनाआजींनी बायकांना पुढे करून वेळ पुन्हा आठची करून घेतली. म्हणे, “आमी वावरातून दिवस बुडता येतो. सात वाजता चूल पेटवाव का तुय वाचन आयकाव?” मत घेतलं. माझ्या बाजूने एक हात. तोही माझाच. ताराने पदर सावरायला हात वर केला असं मला आधी वाटलं होतं, पण तो त्यांच्या बाजूने होता.

उपाय सापडला आहे. विज्ञानाचं युग आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

जे झालं ते तांत्रिक बिघाड होता, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

चौरंगाच्या खाली, कपड्याआड, मोबाइल ठेवला होता. आवाज पूर्ण बंद. फक्त चित्र. डोळे क्षणभर खाली गेले तरी वाचनात खंड नाही, इतका सराव आहे. पण पान उलटताना कोपर कुठेतरी लागलं. माइक शेजारी. भोंगा छपरावर. आणि अख्ख्या भीमपूरने सुलक्षणाबाईंना ऐकलं : “या घरातून मुलगी बाहेर पडेल ती माझ्या प्रेतावरूनच!”

मला बटण सापडेपर्यंत साबणाची जाहिरातही झाली.

मी लोकांना सांगितलं की हद्द जवळ असल्यामुळे महाराष्ट्राच्या टॉवरचा सिग्नल भोंग्यात शिरतो.  सुनयनाआजींनी तोंडाला पदर लावला होता. वयामुळे त्यांना खोकला असतो.

१२ सप्टेंबर

तरुणांना संधी दिली पाहिजे. या मताचा मी पहिल्यापासून आहे. आजपासून वाचन संघपाल करेल. त्यागात एक वेगळाच आनंद असतो. साडेसात आणि आठ, दोन्ही नीट पाहिलं.

१४ सप्टेंबर, रविवार

कंबर धरली. उठताच येईना. (टीव्हीसमोरची खुर्ची कमरेला बरी पडते, तिच्यात त्रास होत नाही.) मैत्री बॅग भरून तयार होती. म्हणाली, पप्पा, आई आणि मी जातो, तुम्ही आराम करा. मी म्हटलं, दोन बायका, जंगलात? शब्द मी दिलाय ना? पुढचा रविवार.

मैत्रीने बॅग रिकामी केली. समजूतदार आहे.

१६ सप्टेंबर

आज मात्र संताप अनावर झाला. मराठीत इराला दूरच्या गावी नोकरी लागली आणि ही बाई काय म्हणते? “मी स्वतः तुला पोचवीन, चांगला दिवस येऊ दे.” अगं बाई, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न, दिवस निघून चालले आणि तू चांगला दिवस शोधतेस? मी खुर्चीतून उठून ओरडलो. घरात आवाज न चढवण्याचा संकल्प मोडला, पण कारण योग्य होतं. ढोंगीपणा मला सहनच होत नाही.

मैत्री हसत सुटली. इतकी की उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ आली नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. जास्त हसल्यावर होतं तसं.

१८ सप्टेंबर

स्रवंतीला विचारलंच. इरा जाते का? म्हणाली, जाते. सुलक्षणम्माचा मोठा सत्कार असतो, ती स्टेजवर बोलत असते, आणि इरा तिच्या डोळ्यांसमोरून बॅग घेऊन निघून जाते. अम्माला कळतच नाही.

मला हसू आलं. एवढा कसला अतिरेक? पोटची पोर सामान घेऊन समोरून जाते आणि आईला दिसत नाही? लेखकाला घरसंसार नसावा. स्रवंतीने डबा बंद केला. मग विचारलं, “बेटी का जॉइनिंग हुआ, सार्?” मी म्हटलं, रविवारी.

२१ सप्टेंबर, रविवार

आजपासून बतुकम्मा, इथल्या बायकांचा फुलांचा सण. बसमध्ये पाय ठेवायला जागा नसणार. तेलंगणात बायांना बस फुकट. आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं. पुरुष तिकीट काढून दांडीला लोंबकळतो. तारा म्हणाली, “आमाले तं तिकीटबी लागत नाई. तुमीच काऊन पाह्यजे?”  बाप पाहिजे तो पाहिजे.

सणाची गर्दी ओसरू दे. २८ ला शंभर टक्के.

खरं एक लिहितो, कुणी वाचणार नाही म्हणून. मैत्री गेल्यावर शेजारच्या खुर्चीत कोण बसणार, हा विचार परवा मनात आला होता. तेव्हाच काढून टाकला. त्याचा याच्याशी संबंध नाही.

२४ सप्टेंबर

तारा विहारातून आली. मी टीव्हीसमोर. म्हणाली, आज संघपालने महाप्रजापती गौतमीचं, तथागतांच्या मावशीचं, प्रकरण वाचलं. फार हळू वाचतो, सगळं समजतं. गौतमीने संघात घ्या म्हणून तीनदा विचारलं आणि तीनदा नाही ऐकलं. मग केस कापले, बाकीच्या बायका घेतल्या आणि पायी निघाली. पाय सुजले तरी थांबली नाही. ताराने मला विचारलं, “तुमाले काय वाटते?” मी म्हटलं, हे प्रकरण मी कितीतरी वेळा वाचलंय, त्यात मुख्य गोष्ट आहे ती संयम.

तारा बरं म्हणाली. मग माळ्यावरची लोखंडी पेटी उतरवून तिच्या कडीकोयंड्याला तेल घालत बसली. दसऱ्याची साफसफाई आतापासून. कामसू बाई.

२८ सप्टेंबर, रविवार. दुपारी १२.३०

आज जायचं म्हणजे जायचं. उद्या शेवटची तारीख. एक ते तीन ‘महारविवार’ : सुलक्षणाबाईंच्या सत्काराचा दोन तासांचा भाग. तीनला कपडे, चारची बस. तारा म्हणाली, चारची बस पकडली तर पुढे आदिलाबादहून उटनूरची गाडी मिळणार नाही, दोनचीच घ्यावी लागेल. मी म्हटलं, बघू. मैत्रीला म्हटलं, ये, बस, शेवटचं एकदा सोबत पाहू. म्हणाली, “तुमी पाहा पप्पा, मले थोडं काम हाय.”

दुपारी ३.१०

डोळे अजून कोरडे झाले नाहीत. काय केलं आहे बाईने! हार, शाल, माइक. “मुलगी उंबरठा ओलांडते तेव्हा आईची उंची वाढते,” अशी बोलतेय आणि समोरून इरा उठते. बॅग घेते. हात जोडते. बाई तिच्याकडे पाहून मान डोलावते आणि पुढचं वाक्य बोलते! भाषण संपतं, टाळ्या पडतात, आणि मग तिला ती रिकामी खुर्ची दिसते. मी हुंदका दिला. दिला तर दिला.

आक्षेप मात्र कायम. आईला दिसू नये म्हणजे काय?

आमच्या घरच्यांना मात्र कलेची कदर नाही. ऐन रंगात तारा आणि मैत्री टीव्हीसमोरून ती पेटी ओढत नेत होत्या. केवढा तो खडखडाट! मी पाय वर घेतले तेव्हा कुठे पेटी पुढे सरकली. मग सत्कार सुरू झाल्यावर मैत्री नेमकी स्क्रीनच्या आड. “जयभीम पप्पा, येतो.” मी म्हटलं, जयभीम जयभीम, जरा बाजूला हो. तरी उभीच. मी हाताने सरक म्हटलं. मग सरकली.

दार उघडं राहिल्याने काचेवर उजेड येत होता. दार लावा म्हणून दोनदा ओरडलो. कुणी लावेना. शेवटी जाहिरातीत मीच उठून लावलं.

दुपारी ३.४०

शर्ट घातला. बूट पुसले. चहाला हाक मारली, उत्तर नाही. विहारात गेल्या असतील.

दुपारी ४

विहाराला कुलूप आहे.

मागच्या खोलीत पेटी नाही. खुंटीवर मैत्रीची छत्री नाही. फ्रिजवरच्या डबीत तिघांची आधार कार्डं असतात. तिथे आता एकच आहे. माझं.

दुपारी ४.३०

सुनयनाआजी ओट्यावर शेंगा फोडत होत्या. त्यांनी सांगितलं. दोनच्या बसने गेल्या. संघपालने पेटी टपावर चढवली. वस्तीतल्या सगळ्या बायका बसस्टँडवर होत्या, कुणी पोळ्या बांधून दिल्या, कुणी लोणचं. पोरगी बसमध्ये चढता चढता वळून वळून रस्त्याकडे पाहत होती. मग आजी म्हणाल्या, “तुले फुरसत नवती म्हने.”

माझ्या पायाखालून गेली पेटी. मी पाय वर घेतले होते.

२९ सप्टेंबर, सोमवार

ताराचा फोन. मैत्री हजर झाली. हेडमिस्ट्रेस चांगल्या आहेत, खोलीला खिडकी आहे, खिडकीतून मोहाचं झाड दिसतं. वाघाचं कुणी नाव काढलं नाही. तारा दोन दिवस राहून, तिचं सामान लावून येणार. मी आनंद व्यक्त केला. त्यानंतर राग व्यक्त करणार होतो, पण रेंज गेली.

भात करपला. साडेसातचं लावलं, आठचंही लावलं. सुलक्षणाबाई रिकाम्या घरात फिरतात आणि इराच्या खोलीची कडी काढतात. आता काढून उपयोग काय? संवाद होता : “मी तर तुझ्या भल्यासाठीच...” मी मैत्रीने आधी म्हणायची वाट पाहिली. मग बाईंनाच म्हणावा लागला.

घर खायला उठतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी, धम्मचक्र प्रवर्तन दिन.

तारा काल आली. भांडायची पूर्ण तयारी होती माझी. ती म्हणाली, “पोरीनं तुमाले सांगूनच घर सोडलं. तुमी जयभीम घेतला.”  तयारी वाया गेली.

मैत्रीचा फोन आला. पोरी तिला “टीचर” म्हणतात, जेवायला बोलावतात, रात्री आकाशातल्या चांदण्यांची नावं विचारतात.  मी तिला तिचे राहिलेले एपिसोड सांगितले. नीट, कडी काढण्यापासून. ती हूं हूं करत होती. मी म्हटलं, शाळेत टीव्ही नसेल तर रोज आठला फोन करून सांगत जाईन, तुझी सवय मोडायला नको.

तेव्हा म्हणाली, “पप्पा, मले ते सिरीयल कदीच आवडत नवतं. तुमी बसायचे म्हनून मी बसत होती. दिवसभरात तेवढीच तं भेट होती आपली.”

रेंज चांगली होती. तरी मी म्हटलं, आवाज येत नाही, ठेवतो.

३ ऑक्टोबर

स्रवंतीला विचारलं, इरा परत येते का? म्हणाली, “आती है सार्. संक्रांति को. दो दिन के लिए.”

भिंतीवरच्या कॅलेंडरात संक्रांत नव्हती. ते डिसेंबरला संपतं.

६ ऑक्टोबर, सोमवार. अश्विन पौर्णिमा.

वर्षावासाची सांगता. विहारात खीरदान. अध्यक्ष म्हणून मला पुढे बसवलं. संघपाल माइकवर वाचन पूर्ण झाल्याचं बोलला. मग एकदम माझ्याकडे वळला : “आणि ज्या बापानं आपली एकुलती एक लेक जंगलातल्या पोरींना शिकवाले पाठवली, त्या बाबाराव काकांचा सत्कार झाला पाह्यजे.” टाळ्या. हार. शाल.

पोरगा सरळ मनाचा आहे. त्याला खरंच तसं वाटतं.

मी उठलो. माइक हातात घेतला. भाषण तयारच असतं माझ्याकडे. खांद्यावरची शाल जरा ओढली आणि म्हटलं, “मी शब्द दिला होता...”

पहिल्या रांगेतून सुनयनाआजी, सावकाश, भोंग्यात जाईल अशा आवाजात : “बस आता, सुलक्षणाबाई.”

सगळा विहार हसला. बायका, पोरं, समिती. तारासुद्धा. चौरंगाजवळची एक एवढीशी पोर मला बोट दाखवून म्हणाली, “आई, हेच का ते सुलक्षणाबाई?” म्हणजे नाव नवीन नव्हतं.

बसलो. खीर आली, खाल्ली. चांगली होती.

घरी येताना ताराला विचारलं, हे नाव कधीपासून? म्हणाली, आषाढापासून. ठेवलं कोणी? तारा उटनूरच्या रस्त्याकडे पाहून हसली, आणि मला समजलं.

आठ वाजले. टीव्हीकडे गेलो आणि मग मैत्रीला फोन लावला.  मग तिने हळूच विचारलं, “काय म्हनते सुलक्षणाबाई?”

मी आज मालिका पाहिली नव्हती. म्हटलं, बरी आहे. खीर खाऊन बसली आहे. तू जेवलीस का?